घासागणिक गोष्ट

फ्लोरेन्समध्ये माणशी शंभर युरोच्या आसपास मोजले की संध्याकाळी तीनेक तास तुम्हाला गावभर चालवत उभ्याउभ्या जेवू घालतात. चार-पाच थांबे. प्रत्येक थांब्यावर दोन घास, दोन घोट आणि एक गोष्ट. परदेशात रुपयांत हिशेब करायचा नसतो असं आपण एकमेकांना बजावतो आणि विमानतळावरच्या पहिल्या चहापासून तोच करत बसतो, म्हणून सांगूनच टाकतो: दहा हजार रुपये. घास मोजले तर सौदा अंगावर येतो. गोष्टी मोजल्या तर पैसे वसूल, कारण गोष्टींना तोटा नाही.

जमायची जागा बहुधा एखाद्या चर्चसमोरचा चौक. गाइडबाई काठीला रंगीत रुमाल बांधून उभ्या. यांच्यातल्या कितीजणी तरी कलेचा इतिहास शिकलेल्या, तीन-चार भाषा सफाईने बोलणाऱ्या. दिवसा बोत्तिचेल्लीची चित्रं समजावून सांगायची आणि संध्याकाळी चीजचे तुकडे वाटायचे. सुरुवातीलाच त्या प्रत्येकाच्या कानात एकेक यंत्र बसवतात, कारण २०२४ च्या अखेरीस नगरपालिकेने जुन्या शहरात गाइडांच्या भोंग्यांवर बंदी आणली. मग ॲलर्जीची चौकशी. कुणाला गहू चालत नाही, कुणाला दूध. आणि आपला माणूस, तो असतोच, हात वर करून म्हणतो, "नो बीफ." बाई हसून मान डोलावतात. फ्लोरेन्सच्या खाण्यातल्या दोन अभिमानाच्या वस्तू गाईबैलाच्याच. पुढचे तीन तास कसे जाणार हे बाईंना तिथेच कळून चुकतं.

पहिला थांबा भिंतीतलं भोक.

थट्टा करत नाही. फ्लोरेन्सच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना रस्त्याच्या अंगाला दीड वीत उंच आणि वीतभर रुंद अशा कमानदार झरोके-खिडक्या आहेत. बुकेत्ते देल वीनो. जुन्या शहरात अशा दीडशेहून जास्त सापडल्या आहेत. कुठे त्यांत आता मेरीची तसबीर बसवलीय, कुठे घंटीची बटणं, कुठे पत्रपेटी. माप मात्र सगळ्यांचं जवळपास सारखं: गवताचं वेष्टण घातलेली फुगीर बाटली आतून बाहेर जाईल, माणूस बाहेरून आत येणार नाही.

सोळाव्या शतकात इथल्या सरदार-सावकारांच्या मळ्यांतली वाइन शहरातल्या वाड्यांच्या तळघरांत येऊन पडायची. दुकान घातलं असतं तर दलाल आला असता, कर आला असता, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक वाड्यात आलं असतं. त्यापेक्षा भिंत फोडली. मेदिची राज्यकर्त्यांनी आपल्या मळ्यातली वाइन आपल्या वाड्यातून किरकोळीत विकायला मुभा दिलेलीच होती. हमालाने यायचं, फळी ठोकायची, रिकामी बाटली आणि नाणं आत सारायचं. भरलेली बाटली बाहेर. मालकाने गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही, गिऱ्हाइकाने मालकाचं अंगण बघायचं नाही. १६३० च्या प्लेगात ही सोय भलतीच कामाला आली. नाणं हाताने न घेता धातूच्या पळीवर घ्यायचं आणि थेट व्हिनेगरमध्ये बुडवायचं, असं त्या काळच्या फ्रान्चेस्को रोंदिनेल्लीने लिहून ठेवलंय. २०२० साली कोविडमध्ये काही दुकानदारांनी त्याच खिडक्या पुन्हा उघडल्या आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं.

आता त्या भोकातून वाइनचा पेला बाहेर येतो आणि फोटो काढल्याशिवाय कुणी तो तोंडाला लावत नाही. गरिबाला वाड्यात न घेता त्याचे पैसे तेवढे आत घ्यावेत म्हणून पाडलेल्या खिडकीपुढे आज पैसेवाले रांग लावतात. वाड्यात त्यांनाही कुणी घेत नाही. पेल्याची किंमत तेवढी वाढली. आंतिनोरी घराणं १३८५ पासून वाइनच्या धंद्यात आहे आणि त्यांच्या वाड्याच्या भिंतीतही असं भोक आहे. सहाशे वर्षं धंदा टिकवणाऱ्याला भिंत नेमकी कुठे फोडायची ते ठाऊक असतं.

दुसऱ्या थांब्यावर पाव येतो. या पावात मीठ नसतं. का नसतं, याच्या दोन-तीन गोष्टी बाईंकडे तयार. एक अशी की बाराव्या शतकात पिसावाल्यांनी भांडणापायी मिठाची वाट अडवली. दुसरी अशी की मिठावर कर बसला आणि फ्लोरेन्सवाले म्हणाले, मग राहू द्या तुमचं मीठ. तिसऱ्या गोष्टीत दांते येतो: १३०२ साली हद्दपार झालेल्या कवीने परक्यांचा पाव खारट लागतो असं आपल्या महाकाव्यात म्हटलंय, तेव्हा आमचा अळणी पाव तेव्हाही असाच होता बरं का. मंडळी कौतुकाने माना डोलावतात आणि टेबलावर मिठाची बाटली शोधतात.

मग वाटीतून सूप येतं. घेवडा, काळपट पानांचा कोबी आणि शिळा पाव, काल शिजवलेलं आज पुन्हा उकळलेलं. रिबोल्लिता. उन्हाळा असेल तर शिळा पाव पाण्यात भिजवून, पिळून, टोमॅटो-कांद्यात कालवलेला. पान्झानेल्ला. नाहीतर शिळा पाव टोमॅटोत शिजवून केलेला लगदा. शेवटच्या थांब्यावर प्रातोची कडक बिस्किटं मिळतात, जी गोड वाइनमध्ये बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाहीत. या तोस्काना प्रांताचं बरंचसं नामांकित खाणं असं आहे: काल उरलेलं फुकट जाऊ नये म्हणून बाईमाणसाने चुलीपाशी काढलेली तोड. तिचं नाव कुठे राहिलेलं नाही. नाव राहिलं कातेरिना दे मेदिचीचं. चौदा वर्षांची ही पोर १५३३ साली लग्न होऊन फ्रान्सला गेली आणि जाताना काटे, आइस्क्रीम, कांद्याचं सूप, आर्टिचोक आणि सगळी फ्रेंच पाककला सोबत घेऊन गेली, असं जवळपास प्रत्येक टूरमध्ये सांगतात. इतिहासकारांनी ही गोष्ट कधीच मोडीत काढली आहे. पण इतिहासकार संध्याकाळी वाइन पाजत नाहीत, त्यामुळे त्यांचं कुणी ऐकत नाही.

पोंते वेक्कियोवर, म्हणजे जुन्या पुलावर, जेवायला काही मिळत नाही. पण गोष्ट फार मोठी म्हणून तिथे थांबणं आलंच. दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं. आधी ही खाटकांची होती. आतडी-कातडी थेट अर्नो नदीत टाकता येत, यापेक्षा सोयीची जागा कुठली? पण १५६५ साली ड्यूक कोझिमोसाठी जॉर्जो व्हासारीने दरबारापासून पलीकडच्या पित्ती वाड्यापर्यंत एक बंद वाट उभारली, घरांच्या माथ्यावरून आणि याच पुलावरून. राजाने घरून कचेरीत जाताना रयतेत उतरू नये म्हणून. खाली खाटीक, वर ड्यूक. वास वर जायचा. १५९३ साली ड्यूक फर्दिनांदो पहिला याने हुकूम काढला: खाटीक हटवा, सोनार बसवा.

मला तर फ्लोरेन्समधली पहिली वॉकिंग टूर ती वाटते. वरून एकजण चालणार, त्याच्या नाकाला त्रास नको म्हणून खालच्यांनी पूल सोडायचा. ती बंद वाट डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्त होऊन तिकीट लावून लोकांसाठी खुली झाली. हाकललेल्या खाटकांचा माल मात्र त्याच टूरच्या पुढच्या थांब्यावर ताटात वाढला जातो, आणि तो काय आहे हे फ्लोरेन्सवाल्याने कितीही प्रेमाने सांगितलं तरी आपल्या मंडळींच्या पोटात गोळा येतो.

लांप्रेदोत्तो म्हणजे गाईच्या चार पोटांपैकी चौथं.

चाकांवरची एक टपरी. पितळी-स्टीलच्या मोठ्या पातेल्यात टोमॅटो, कांदा, सेलरी घातलेलं पाणी मंद उकळतंय. गडी काट्याने एक तपकिरी, चुण्या पडलेला तुकडा वर काढतो, पाणी निथळू देतो, पाटावर ठेवून भराभर चिरतो. गोल पाव आडवा कापतो. खालच्या अर्ध्यावर मांस, मीठ, मिरपूड, वर हिरवी चटणी, हवी असेल तर लाल तिखटाची. मग वरचा अर्धा पाव कापलेल्या अंगाने पातेल्यात बुडवून क्षणात बाहेर काढतो आणि झाकण लावतो. कागदात गुंडाळून हातात. सगळं मिळून मिनिटभराचं काम. एरवी याला पाच-सहा युरो पडतात आणि इथला गवंडी, टॅक्सीवाला, वकील एकाच रांगेत उभे राहून खातात. टूरमध्ये याचे चार तुकडे करून चौघांना देतात.

"अहो, हे काय आहे, विचारा ना."

"पोट आहे."

"कुणाचं?"

"गाईचं. चौथं."

"चौथं म्हणजे?"

"चार असतात गाईला."

"आपल्याला एकच आहे, ते जपा."

गाइडबाई या जोडप्यासाठी टोमॅटो लावलेला अळणी पाव घेऊन येतात. यात हसण्यासारखं काही नाही. ज्याला नको त्याने खाऊ नये. मौज दुसऱ्या नमुन्याची असते. तो आपलाच, त्याच गटात, थोडा तरुण, थोडा जास्त पगाराचा. त्याला सगळं चालतं. तो डोळे मिटून चावतो, "टेक्श्चर" म्हणतो, "नोज टु टेल" म्हणतो, जनावराचा एकही भाग वाया न घालवणारी ही संस्कृती किती थोर असं कॅमेऱ्याकडे बघून सांगतो. गावाकडे वजडी शिजली की याचं नाक वाकडं होतं. पुण्या-मुंबईत हा ज्या सोसायटीत राहतो तिथे भाडेकरूला आधी आडनाव विचारतात, मग काय शिजवता ते. कोल्हापूर-सोलापूरकडे पोटं-आतडी घासूनपुसून, वाटण लावून चुलीवर चढवणाऱ्या बाईला शंभर युरो सोडा, शंभर रुपये देऊन कुणी "जनावराचा एकही भाग वाया न घालवणारी संस्कृती" म्हणालेलं ऐकलंय? तीच वजडी, फक्त इटालियन नाव आणि आठ तासांचं विमान मध्ये आलं की वारसा होते.

दुसरी अभिमानाची वस्तू बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाची स्टेक. तिचं थोडक्यात सांगतो, कारण टूरमध्ये ती क्वचितच मिळते. परवडत नाही त्यांना. तीन-चार बोटं जाड, किलोभराची, हाडासकट, आतून लालभडक. नीट भाजून द्या म्हटलं तर वेटर तुम्ही त्याच्या आईविषयी काही बोललात असा चेहरा करतो. २००१ साली मॅड काऊच्या भीतीने युरोपात हाडासकट गोमांसावर बंदी आली तेव्हा जवळच्या पान्झानो गावच्या दारिओ चेक्कीनी या खाटकाने बिस्तेक्काची रीतसर अंत्ययात्रा काढली होती. आपल्याकडे बंदी आली तर मोर्चा निघतो. तिकडे तिरडी निघाली.

आता वाइन. इथे गोष्ट सांगायचं काम बाईंचं नसून दुकानातल्या तरुणाचं असतं. तो पेला तिरका धरतो, गोल फिरवतो, नाक आत खुपसतो आणि म्हणतो: चेरी. मग म्हणतो: तंबाखू. मग जरा थांबून: चामडं. सगळे नाकं खुपसतात. सांजोव्हेझे द्राक्षाच्या वाइनला असे वास येतात हे खरं आहे, जाणकारांना ते येतात. पण ज्या माणसाने आत्ताच सान लोरेन्झोच्या बाजारात चामड्याच्या पिशवीसाठी तासभर घासाघीस केली आहे, त्याचा हातच अजून चामड्याच्या वासाचा आहे. त्याला पाणी दिलं तरी चामडंच सापडेल. आपला माणूस इथे फार सावध असतो. तो आधी इतरांकडे बघतो. शेजारचा ऑस्ट्रेलियन "ओक" म्हणाला की हाही "स्लाइट ओक" म्हणतो. जेवणात मीठ कमी आहे हे ज्याला घरी पहिल्या घासाला कळतं आणि जो ते चारचौघांत सांगायला कचरत नाही, तो माणूस एका पेल्यापुढे इतका नम्र होतो हे बघायला मला मजा येते.

दुकानातल्या किआंतीच्या बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असतो. त्याची गोष्ट मात्र फक्कड आहे. फ्लोरेन्स आणि सिएना यांची किआंतीच्या मुलखावरून पिढ्यान्‌पिढ्यांची हाणामारी. अखेर ठरलं की दोन्ही गावांतून एकेक स्वाराने कोंबडा आरवताच निघायचं. भेटतील तिथे हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून गुटगुटीत केला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी कोंडला. तो पहाट व्हायच्या कितीतरी आधीच बोंबलत उठला, फ्लोरेन्सचा स्वार निघाला आणि जवळपास सिएनाच्या वेशीपर्यंत जाऊन पोचला. दंतकथाच ती, पण किआंतीची हद्द खरीखुरी कागदावर आखली गेली ती १७१६ साली, कोझिमो तिसरा याच्या फर्मानाने. वाइनच्या मुलखाची सरकारी हद्द आखण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांत ते मोजतात. गोष्ट ऐकून मंडळी टाळ्या वाजवतात. उपाशी कोंबड्याने जिंकलेल्या मुलखाची वाइन भरल्या पोटी चाखायची, वर चीजचा तुकडा.

वास्तविक फ्लोरेन्सचा बाजार बघायचा तर सकाळी जावं. जुसेप्पे मेंगोनीने आराखडा केलेला, १८७४ चा लोखंड-काचेचा मेर्कातो चेंत्राले सकाळी खरा बाजार असतो: भाजीवाले, खाटीक, आरडाओरडा. दुपारी दोनच्या सुमारास खालच्या मजल्यावरची आवराआवर सुरू होते. संध्याकाळच्या टूरला बाजार मिटलेला सापडतो, म्हणून तिला वरच्या मजल्यावर नेतात, जिथे २०१४ साली चकचकीत खाऊगल्ली उघडली. तिथे सगळं मिळतं, रात्री उशिरापर्यंत. भाजी घ्यायला आलेली म्हातारी तेवढी मिळत नाही.

आणि ती खालीही कमी होत चाललीय, हा या टूरमधला न सांगितला जाणारा भाग. जुन्या शहरातली घरं पर्यटकांच्या मुक्कामाला लागली, भाडी चढली, माणसं बाहेरच्या वस्त्यांत गेली. नगरपालिका जागी झाली तेव्हा तिने २०२३ साली जुन्या शहरात नव्या अल्पमुदतीच्या भाड्यावर बंदी घातली, पुढे दारांवर लटकणाऱ्या किल्ल्यांच्या पेट्याही हटवायला लावल्या. तोवर ज्यांना जायचं ते गेले होते. टूरच्या जाहिरातीत मात्र पहिलं वाक्य हेच: इथल्या माणसांसारखं खा. इथली माणसं कुठे खातात ते बघायचं असेल तर बस पकडून गावाबाहेर जावं लागेल, आणि टूर तर पायी आहे.

बरं, इथल्या माणसांसारखं खाणाऱ्यांचं नगरपालिकेने काय केलं? इथला मजूर शेकडो वर्षं पाव हातात घेऊन दगडी पायरीवर बसून खात आला. २०१७ साली महापौर दारिओ नारदेल्ला यांनी सान्ता क्रोचेसारख्या चर्चच्या पायऱ्यांवर दुपारच्या वेळी पाण्याचे पाइप सोडायला सुरुवात केली. पायरी ओली झाली की लोक तिथे बसून जेवणार नाहीत म्हणून. २०१८ च्या सप्टेंबरात उफ्फीत्सी कलासंग्रहालयाजवळच्या चार रस्त्यांवर जेवणाच्या वेळेत, दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी सहा ते दहा, फुटपाथवर किंवा उंबऱ्यावर बसून खाल्लं तर १५० ते ५०० युरो दंड ठरवला गेला. पाव पाच युरोचा, दंड दीडशेचा. महापौरांची बाजूही खोटी नव्हती. सँडविचवाल्यांसमोर अशा रांगा लागायच्या की रहिवाशाला स्वतःच्या दारातून आत शिरता येईना, आणि कागद, तेल, टोमॅटो सगळं उंबऱ्यावर. पण हिशेब बघा: स्वतःच्या खिशातून रस्त्यावर बसून खाल्लंत तर गुन्हा, आणि रुमालवाल्या बाईच्या मागे उभं राहून शंभर युरोंचं खाल्लंत तर संस्कृती. याच शहराने २०१६ साली मॅकडोनाल्डला कॅथेड्रलच्या चौकात जागा नाकारली आणि कंपनीने एक कोटी ऐंशी लाख युरोंचा दावा ठोकला, तेव्हा मी मनातल्या मनात शहराच्या बाजूने होतो. अजूनही आहे. फक्त बर्गरला हाकलून त्या जागी बसलेली गोष्ट बर्गरपेक्षा महाग निघाली एवढंच.

गाइडबाईंना मी यात धरत नाही. सगळ्या प्रकारात मेहनतीचं काम करणाऱ्या त्या एकट्याच. तीन तास दगडी रस्त्यावर, चौदा माणसं न हरवता, हसतमुखाने. त्यांच्यामुळे निदान भिंतीकडे बघायचं सुचतं.

आपल्या मोठ्या ग्रुप टूरना नावं ठेवायची फॅशन आहे, तेव्हा त्यांच्याविषयीही बोलू. त्या फ्लोरेन्समध्ये अर्धा दिवस असतात. पियात्झाले मिकेलांजेलोवर, म्हणजे टेकडीवरच्या गच्चीवर, सगळ्यांचा मिळून फोटो. सिन्योरिया चौकात डेव्हिडच्या प्रतिकृतीपुढे काकूंचं अवघडणं आणि काकांचा विनोद. मग भारतीय हॉटेलात वरणभात, पनीर, गुलाबजाम, बस सुटली. फूड-वॉकवाले यांना हसतात. मला विचाराल तर वरणभातवाले जास्त प्रामाणिक. त्यांना वरणभात हवा होता, त्यांनी वरणभात खाल्ला, आणि आम्ही फ्लोरेन्सवाल्यांसारखं जेवलो असा दावा परतल्यावर कुणाच्या दिवाणखान्यात केला नाही. चिवडाही स्वतःचाच नेला होता, त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही.

दोघांचं एका बाबतीत मात्र अगदी जमतं. जी गोष्ट मराठी माणसाने फ्लोरेन्समध्ये ऐकायला हवी, ती दोघांनाही कुणी सांगत नाही, कारण तिच्याबरोबर काही खाता-पिता येत नाही.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. व्हिक्टोरिया राणीला भेटले, शाळा-कारखाने पाहिले, रोज डायरी लिहिली. परतीच्या वाटेवर युरोपात तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये ते गेले. वय वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. फोटोवाल्यांची ती टेकडीवरची गच्ची राजधानीला शोभेलसं काही हवं म्हणून त्याच वर्षांत घडत होती. इटलीत तेव्हा दहनाची मुभा नव्हती. खास परवानगी मिळवून अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, काशीने उद्यानाच्या टोकाला, हिंदू रीतीने दहन झालं. फ्लोरेन्सकरांनी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. महाराजांची डायरी कॅप्टन वेस्टने संपादित करून १८७२ साली लंडनमध्ये छापली. १८७४ साली दहनाच्या जागी छत्री उभी राहिली: आत शिल्पकार फुलरने घडवलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. फ्लोरेन्सकर त्या जागेला नुसतं 'इंदियानो' म्हणतात. शेजारी १९७० च्या दशकात मोठा पूल झाला, त्याचंही नाव तेच. रोज हजारो गाड्या कोल्हापूरच्या महाराजांच्या नावावरून जातात आणि त्यातल्या बहुतेकांना कोल्हापूर कुठे हे ठाऊक नाही. त्यांना दोष नाही. पुढच्या वर्षी युरोप करणाऱ्या आपल्या किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हा जाणार असाल तर एवढं करा. बाजार सकाळी बघा, उघडा असताना. लांप्रेदोत्तो चालत असेल तर दुपारी टपरीवर स्वतः रांग लावा. नसेल तर घेवड्याचं सूप कुठल्याही साध्या खाणावळीत मिळतं, अळणी पाव त्याबरोबरच खावा म्हणजे तो अळणी का आहे ते कळतं. पायरीवर बसण्याआधी ती कोरडी आहे का आणि तिथे पाटी आहे का ते पाहा. आणि संध्याकाळी रुमालवाल्या बाईंकडे न जाता एक नंबरची ट्रॅम घ्या, काशीनेला उतरा, नदीच्या कडेने पश्चिमेकडे अर्धा-पाऊण तास सरळ चालत राहा. छत्री आपोआप लागते. तिकीट नाही. पाण्याची बाटली आणि चिवडा बरोबर ठेवा, तिथे कुणी काही वाढत नाही.